बाळासाहेब खेर आणि जंगल कामगारांची सोसायटी

आलापल्ली : अहेरी तालुक्यातील आलापल्ली महाराष्ट्राला ठाऊक आहे ती सागवानासाठी. येथील 'वनवैभव' हा सुमारे सहा हेक्टरांचा जुन्या सागाचा पट्टा कुऱ्हाडीपासून राखून ठेवण्यात आला आणि २०१४ मध्ये त्याला राज्यातील पहिल्या जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. तेथे येणारा पाहुणा मान उंचावून झाडांचे शेंडे शोधतो. मात्र भोवतालच्या जंगलातील साग ज्यांनी तोडला, हत्तींच्या मदतीने ओढून आणला आणि आगारात त्याच्या थप्प्या रचल्या, त्या माडिया व गोंड मजुरांच्या पदरी त्या लाकडाच्या किमतीतले काय पडले, हा प्रश्न त्या पाहुण्याला सहसा पडत नाही. हा प्रश्न राज्यकारभाराच्या पातळीवर मांडून त्याला सहकाराचे उत्तर शोधणारा माणूस आलापल्लीपासून फार दूर, मुंबईत वकिली करीत होता. त्याचे नाव बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर.

लोकमान्य टिळकांचे नाव आणि जन्मगाव, दोन्ही त्यांच्या वाट्याला आली. २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या खेरांचे शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. संस्कृत हा त्यांचा आवडीचा विषय होता. पुढे ते सॉलिसिटर झाले, व्यवसायात त्यांचा जम बसला. गांधीजींच्या चळवळीने मात्र त्यांना कार्यालयात स्वस्थ बसू दिले नाही. १९३० आणि १९३२ च्या सत्याग्रहांत त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ बनले, तेव्हा दिग्गज पुढाऱ्यांना बाजूला ठेवून या मितभाषी गृहस्थाकडे नेतृत्व आले. त्यावरून त्या काळी वाद झाला. तो पुष्कळदा सांगितला गेला असल्याने येथे त्याची उजळणी नको.

त्याच कारकिर्दीत डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यावर प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी सोपविण्यात आली. त्यांच्या अहवालातून समोर आलेले चित्र विदारक होते. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी माणसे आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबत होती. 'लग्नगडी' हा शब्द त्यातूनच आला. जंगलातील परिस्थितीही याहून बरी नव्हती. वनखाते तोडीसाठी जंगलाचे कूप पाडी आणि त्यांचा लिलाव करी. बोली लावण्याइतका पैसा ठेकेदाराजवळच असे. तो पावसाळ्यात मजुरांना खावटी देई आणि हिवाळ्यात तिच्या फेडीत त्यांची मजुरी वळती करून घेई. हिशेबाची वही त्याच्याच हाती. मजुराला अक्षरओळख नसल्याने त्या वहीत काय लिहिले आहे ते तपासण्याचा मार्गच नव्हता.

१९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सत्ता गेल्यानंतर बहुतेक पुढारी संघटनेच्या कामाकडे वळले. खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. बोर्डीचे आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक या कामाशी जोडले गेले. शाळा, वसतिगृहे, औषधोपचार असे मंडळाचे काम सुरू झाले.

१९४६ मध्ये खेर पुन्हा प्रांताचे प्रमुख झाले. मात्र ठाण्याचे जंगल आता गप्प राहिलेले नव्हते. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले होते. वेठ आणि लग्नगडी या प्रथांना त्यांनी नकार दिला, आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठी संपही केला. खेरांच्या सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केले. आदिवासींविषयी मनापासून कळवळा असलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे, हा त्यांच्या चरित्रातील अवघड भाग आहे, आणि गौरवग्रंथांत तो सहसा घाईने उरकला जातो. जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना याच काळातली आहे. तिच्यामागे सेवाभाव होता, तसाच लाल बावट्याचा धाकही होता, असे मानण्यास जागा आहे.

योजनेची कल्पना सोपी होती. मजुरांनी थोडेसे भागभांडवल गोळा करून आपली सोसायटी नोंदवायची. शासनाने लिलाव न करता काही कूप थेट तिच्या स्वाधीन करायचे. सोसायटीने तोड करायची, माल आगारात आणायचा, विकायचा. मजुरी आणि खर्च वजा जाता उरलेल्या नफ्याचा ठरलेला हिस्सा शासनाला जाई, बाकीचा सोसायटीकडे राही. त्यातून सभासदांना लाभांश आणि गावाला विहीर किंवा शाळा मिळावी, असा उद्देश होता. या मंत्रिमंडळात सहकाराचा आयुष्यभर अभ्यास केलेले वैकुंठभाई मेहता होते, त्यामुळे योजनेला जाणत्या माणसाचा हात लागला. १९४७ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यात सुरू झालेल्या या संस्था पुढे इतर वनजिल्ह्यांत पसरल्या.

अडचण होती ती कारभाराची. कूप चालवायचा तर बँकेचे कर्ज काढावे लागे, आठवड्याचा चुकारा वेळेवर द्यावा लागे, वनखात्याच्या मोजणीशी आपली मोजणी जुळवावी लागे. निरक्षर सभासदांना हे जमणार नाही, म्हणून प्रत्येक सोसायटीला एक पुरस्कर्ती संस्था जोडून देण्यात आली. सुशिक्षित कार्यकर्ते हिशेब ठेवू लागले, काही ठिकाणी अध्यक्षपदही त्यांच्याकडेच राहिले. व्यवस्था तात्पुरती मानली होती, मात्र अनेक ठिकाणी ती कायमची झाली. ठेकेदाराची वही गेली आणि तिच्या जागी हितचिंतकाची वही आली. ती प्रामाणिक असली तरी मजुराला तीही वाचता येत नव्हती. याहून मोठी उणीव मुळातच होती. सोसायटीला तोडीचा हक्क मिळाला, जंगलावरचा हक्क मिळाला नाही. यंदा कूप द्यायचा की नाही हे खातेच ठरविणार होते.

याच वर्षांत नगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ सहकारी साखर कारखाना उभा करीत होते. तेथील शेतकऱ्याचा ऊस त्याच्या स्वतःच्या जमिनीत उगवत होता. जंगल मजुराजवळ कुऱ्हाडीवाचून काही नव्हते. दोन्ही प्रयत्नांना सहकार हेच नाव असले, तरी त्यांच्या पुढील वाटचालीत पडलेल्या अंतराचे कारण येथे सापडते.

१९५२ मध्ये खेरांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि ते भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. परतल्यावर १९५५ मध्ये ते राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या सत्ताकाळात चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. आलापल्लीचे जंगल नागपूरच्या कारभाराखाली येई, मुंबईच्या नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर चार महिन्यांनी, ८ मार्च १९५७ रोजी पुण्यात खेरांचे निधन झाले.

चांदा जिल्ह्यात जंगल कामगार संस्था आल्या त्या नंतरच्या काळात. काही चांगल्या चालल्या. काही ठिकाणी ठेकेदारच सोसायटीच्या पाटीआड जाऊन बसला. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले, तोडीची बरीच कामे खाते आणि महामंडळ थेट करू लागले, आणि येथील मजूर पुन्हा रोजंदारीवर आला. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेशिवाय तोड करता येईना. कूप नसलेल्या सोसायट्यांजवळ बरेचदा कार्यालयाची खोली आणि शिक्का एवढेच उरले.

ज्या हक्काची उणीव खेरांच्या योजनेत होती, तो २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला देऊ केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील ती पहिली दोन गावे. तरी मेंढ्याच्या ग्रामसभेला आपलाच बांबू बाहेर नेण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती यायला एप्रिल २०११ उजाडला, आणि ते देण्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. यातही सारे सुरळीत नाही. काही हंगामांत भाव कोसळले, कंत्राटदारांनी रकमा थकविल्या, आणि वसुलीसाठी ग्रामसभांना हेलपाटे घालावे लागले. पण फळीवर सत्तर पानांचे पुडे मोजले जातात तेव्हा त्यांची नोंद गावातलाच एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी करते, आणि आकडा चुकला तर पुडे बांधणारी बाई तिथल्या तिथे भांडून तो दुरुस्त करून घेते.