जन्म हातात नाही, निवड हातात

माणसाचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं का? आपल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. जात त्यांनी निवडली नव्हती. तरी तिच्यामुळे शाळेत वेगळं बसावं लागलं, पाण्याला हात लावता येईना. हे नशीब म्हणून त्यांनी मान्य केलं नाही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराचा निर्णय जाहीर केला. पण घाई केली नाही. २१ वर्षं विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. मुलांनो, निवड करायलाही मोकळीक लागते. ती सगळ्यांना मिळावी म्हणूनच ते आयुष्यभर झटले.