सेवाग्रामचं ‘मास्टर एक्सटेन्शन’: महादेवभाई देसाई

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात शाळेच्या सहलीला तुम्ही कधीतरी गेला असाल. तिथं बापूंच्या दफ्तरात एक जुना टेलिफोन ठेवलाय. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारनं तो बसवून दिला, असं तिथं सांगतात. बहुतेक जण त्याचा फोटो काढतात आणि पुढच्या कुटीकडे वळतात. मीही तेच केलं होतं.

पण फोन बसवणं हा सोपा भाग. घरात एक लाइन आणि एक फोन असेल तर सेटिंग करायला काहीच नसतं. डोकेदुखी सुरू होते ती ऑफिसात, जिथं बाहेरून येणाऱ्या लाइनी दोन-तीन आणि बोलणारी माणसं तीस-चाळीस असतात. म्हणून भिंतीवर एक पेटी लावतात, तिला ईपीएबीएक्स म्हणतात. बाहेरचा कॉल आधी या पेटीत येतो आणि मग पेटी ठरवते की तो कुणाच्या टेबलावर वाजवायचा.

या पेटीत दोन प्रकारची सेटिंग्ज असतात. एक तुमच्या एक्सटेन्शनपुरती, म्हणजे माझा फोन साहेबांच्या केबिनकडे वळव वगैरे. दुसरी अख्ख्या सिस्टिमची. बाहेरचा कॉल पहिल्यांदा कुठं वाजेल, बाहेरची लाइन घ्यायला ० दाबायचा की ९, एसटीडीची परवानगी कुणाला, ऑफिस बंद झाल्यावर नाइट मोड किती वाजता लागणार, कॉलची नोंद ठेवायची की नाही, हे सगळं या दुसऱ्या प्रकारात येतं. ही सेटिंग्ज कुठल्याही फोनवरून बदलता येत नाहीत. त्यासाठी एक ठरलेलं मास्टर एक्सटेन्शन असतं आणि त्याचा पासवर्ड असतो. तिथं एक आकडा चुकला की चाळीस फोन एकदम चुकतात.

सेवाग्रामात अशी पेटी नव्हती. ते सगळं काम एक माणूस करायचा, महादेव हरिभाई देसाई. आज त्यांची गोष्ट.

सुरतेकडचा मास्तरांचा मुलगा

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ चा, सुरत जिल्ह्यातल्या सरस गावचा. वडील हरिभाई प्राथमिक शिक्षक. घरची परिस्थिती बेताची, आई लहानपणीच गेलेली. लग्नही त्या काळच्या रीतीप्रमाणे लवकर झालं, १९०५ मध्ये दुर्गाबेनशी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए, मग एलएलबी. वकिली फारशी जमली नाही. सरकारी अनुवाद कचेरीत काम केलं, सहकारी बँकेत इन्स्पेक्टर म्हणून गावोगाव फिरले. भाषा उत्तम, अक्षर मोत्यासारखं. थोडक्यात, आजच्या बोलीत चांगला पॅकेजवाला मुलगा.

१९१७ मध्ये पंचविशीत असताना ते सगळं सोडून गांधीजींकडे आले आणि चंपारणला गेले. १३ नोव्हेंबर १९१७ पासून त्यांनी डायरी लिहायला घेतली. गांधीजी कुणाला भेटले, काय बोलले, काय लिहिलं, सगळं त्यात. ऑफिसच्या फोन सिस्टिममध्ये कॉल रेकॉर्डचं सेटिंग असतं ना, कोण कधी किती वेळ बोललं ते आपोआप छापणारं, तसंच काहीसं. फरक एवढाच की पेटी फक्त नंबर आणि मिनिटं लिहून ठेवते. महादेवभाई बोलणं लिहून ठेवायचे, तेही शॉर्टहँडशिवाय, साध्या लिपीत, समोरचा बोलत असतानाच.

मधल्या वर्षांचं इथं धावतंच सांगतो, कारण आपल्याला वर्ध्याला पोचायचंय. १९२१ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या ‘इंडिपेन्डंट’ या अलाहाबादच्या पत्राची जबाबदारी त्यांच्यावर आली. सरकारनं छपाई बंद पाडली तर यांनी हातानं लिहून, सायक्लोस्टाइल करून अंक काढले. त्यापायी एक वर्षाची शिक्षा झाली. गांधीजींच्या आत्मकथेचं इंग्रजी महादेवभाईंचंच आहे. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला लंडनला ते सोबत होते. १९३२ मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजी आणि सरदार पटेल यांच्याबरोबर राहिले, आणि पुढं बेळगावच्या तुरुंगात बसून गांधीजींच्या गीतेवरच्या लिखाणाचं इंग्रजी केलं.

वर्धा ते सेगाव, पायी

जमनालाल बजाजांच्या आग्रहानं गांधीजी वर्ध्याला आले आणि आधी गावातल्या मगनवाडीत राहिले. मग ३० एप्रिल १९३६ ला ते जवळच्या सेगावला गेले. धड रस्ता नसलेलं खेडं. तिथं शांतपणे राहून गावाचं काम करायचं, असा त्यांचा विचार होता. फोनच्या भाषेत सांगायचं तर देशातला सगळ्यात जास्त वाजणारा नंबर त्यांनी ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकायला घेतला होता.

पण डीएनडी लावलं म्हणून कॉल यायचे थांबतात का? ते दुसरीकडे वाजतात. इथं ते वाजायचे मगनवाडीत. टपाल आणि तारा वर्ध्याला यायच्या आणि महादेवभाई दुर्गाबेन व लहानग्या नारायणसह तिथंच राहत होते. सकाळी टपाल फोडायचं, वेगळं करायचं, ते घेऊन सेगावला चालत जायचं, दिवसभर तिथलं लिखाण-भेटीगाठी उरकायच्या आणि संध्याकाळी परत चालत मगनवाडी. एका बाजूचं अंतर साधारण साडेपाच मैल, म्हणजे जाऊन-येऊन १७-१८ किलोमीटर. एखाद्या दिवशी दोनदा जावं लागायचं. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना यापुढं काही सांगायला नको. पारा ४५ च्या पुढं जातो आणि दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही.

एक मिनिट थांबून विचार करा. सेटिंग बदललं गांधीजींनी, पण त्याचा भार कुणावर पडला? ऑफिसात हे रोज घडतं. साहेब सांगतात, माझ्या केबिनला डायरेक्ट कॉल नको, सगळे ऑपरेटरकडे टाका. प्रोग्रॅमिंगला दोन मिनिटं लागतात. मग ऑपरेटरच्या टेबलावर दिवसभर काय चाललंय हे कुणी बघत नाही.

आणि इथला ऑपरेटर फक्त कॉल जोडत नव्हता. कुठलं पत्र बापूंना आज दाखवायचं, कुठलं उद्या चालेल, कुठल्याला आपणच उत्तर द्यायचं, भेटायला आलेल्याला पाच मिनिटं द्यायची की तास, हे तो ठरवायचा. ‘हरिजन’ साप्ताहिकासाठी आठवड्याचं लिखाण वेगळंच. त्यांनी लिहिलेला एखादा लेख गांधीजींना इतका पटायचा की खालची महादेवभाईंची आद्याक्षरं खोडून ते स्वतःची टाकायचे. कॉल एका एक्सटेन्शनवरून गेला, समोरच्याला नंबर मात्र मुख्य लाइनचा दिसला!

वेळेचं सेटिंगही होतं. सोमवार हा गांधीजींच्या मौनाचा दिवस. बोलणं बंद, गरज पडली तर चिठ्ठीवर लिहून देणार. देशभरातल्या पुढाऱ्यांना हे माहीत होतं आणि ते त्या हिशेबानं यायचे. मला हे सेटिंग फार आवडतं, कारण ते जाहीर होतं. नाइट मोड कधी लागतो हे कॉल करणाऱ्याला ठाऊक असलं की निम्मी चिडचिड तिथंच संपते.

पत्ता चुकला, नाव बदललं

आता एक किस्सा, खास विदर्भातल्या वाचकांसाठी. सेगाव आणि शेगाव. एक वर्ध्याजवळ, दुसरं बुलढाणा जिल्ह्यातलं, गजानन महाराजांचं. पाकिटावर नाव लिहिलं की दोन्ही जवळपास सारखीच. आश्रमाची पत्रं भलत्या गावाला जायला लागली. आजच्या भाषेत, दोन एक्सटेन्शनना एकच नंबर.

यावर दोन उपाय असतात. प्रत्येक पाठवणाऱ्याला नीट पत्ता लिहायला सांगणं, किंवा मुळातच नंबर बदलणं. पहिला कधीच पुरा पडत नाही. १९४० मध्ये सेगावचं नाव सेवाग्राम झालं. एकाच जागी केलेला बदल, पण सगळ्या हिंदुस्थानातून येणाऱ्या टपालाला लागू.

परवानग्या, आणि न सांगितलेला नियम

१९३८ मध्ये ओडिशात डेलांगला गांधी सेवा संघाचं अधिवेशन होतं. तिथून कस्तुरबा, दुर्गाबेन आणि काही जण जगन्नाथपुरीला गेले आणि मंदिरात जाऊन आले. अस्पृश्यांना त्या मंदिरात प्रवेश नव्हता आणि जिथं त्यांना बंदी तिथं आपण जायचं नाही, असं गांधीजींचं म्हणणं होतं. त्यांना जबर धक्का बसला, तब्येतही बिघडली. त्यांनी दोष स्वतःला दिला आणि महादेवभाईंनाही, बायकांना आधी नीट समजावून सांगितलं नाही म्हणून.

महादेवभाईंना हे फार लागलं. त्यांनी गांधीजींना सोडून जायची तयारी दाखवली. गांधीजींनी जाऊ दिलं नाही. महादेवभाईंनी हा सगळा प्रकार ‘हरिजन’मध्ये लिहूनही टाकला, स्वतःला न लपवता.

माझं प्रामाणिक मत सांगू? यात महादेवभाईंवर थोडा अन्यायच झाला. पण सिस्टिम चालवणाऱ्याच्या नशिबी हे असतंच. परवानगीचा नियम वर ठरतो, एक्सटेन्शनवाल्याला तो कुणी सांगत नाही आणि बोंब झाली की फोन येतो ऑपरेटरला. तुमच्या ऑफिसात एसटीडी बंद करायचं किंवा बाहेरच्या लाइनचा आकडा बदलायचा असेल, तर आदल्या दिवशी सगळ्यांना लेखी कळवा. प्रोग्रॅमिंगइतकंच ते कामाचं आहे.

बॅकअप नसलेली पेटी

याच सुमाराला महादेवभाईंची तब्येत ढासळायला लागली. रक्तदाब, चक्कर, सक्तीची विश्रांती. मगनवाडीची पायपीट पुढं थांबली आणि सेवाग्रामातच त्यांच्यासाठी घर झालं. आज ते महादेव कुटी म्हणून ओळखलं जातं. पण काम कमी झालं नाही. रविवार नाही, उन्हाळी सुट्टी नाही, अशी पंचवीस वर्षं.

प्यारेलाल होते, राजकुमारी अमृत कौर होत्या. म्हणजे दुसरी एक्सटेन्शन्स नव्हती असं नाही. पण कुणाला काय उत्तर गेलंय, कुणाची समजूत कशी काढायची, कुठल्या वाक्याचा बापूंना नेमका कुठला अर्थ अभिप्रेत आहे, हे एकाच डोक्यात साठलेलं होतं. ईपीएबीएक्सवाले सगळ्यात जास्त ज्या गोष्टीला घाबरतात ती हीच. वर्षानुवर्षं बदललेली सेटिंग्ज पेटीत असतात, कागदावर कुठंच नसतात. एक दिवस कार्ड जळतं, नवी पेटी येते ती कोरी, आणि कुठला कॉल कुठं वाजत होता हे कुणाला आठवत नाही. म्हणून सेटिंगची फाइल काढून ठेवतात आणि एक्सटेन्शनचा तक्ता भिंतीला चिकटवतात. तुमच्याकडे ही पेटी असेल तर तेवढं आजच करा, आणि कंपनीकडून आलेला मूळ पासवर्डही बदला. तो बाहेरच्याला ठाऊक असला तर तुमच्या लाइनवरून परदेशात कॉल लागतात आणि बिल तुम्हाला येतं.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींबरोबर महादेवभाईंना अटक झाली. दोघांनाही पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथं ना टपाल, ना भेटणारे, ना फोन. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ओळ रिकामी होती. सहा दिवसांनी, १५ ऑगस्टच्या सकाळी, हृदय बंद पडून ते गेले. वय ५०. देहाला अंघोळ गांधीजींनी स्वतः घातली आणि पॅलेसच्या आवारातच दहन झालं. दीड वर्षानं कस्तुरबाही तिथंच गेल्या. दोघांच्या समाध्या आज शेजारी शेजारी आहेत.

महादेवभाईंची डायरी मात्र शिल्लक राहिली. त्यांचे मित्र नरहरी परीख यांनी ती संपादित करायला घेतली आणि पुढं गुजरातीत तिचे वीसहून अधिक खंड निघाले. मगनवाडीत वाढलेला मुलगा नारायण मोठेपणी कथाकार, लेखक झाला. वडिलांचं गुजराती चरित्र त्यानंच लिहिलं आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सेवाग्रामला पुन्हा जाणं झालं तर दफ्तरातला फोन बघून झाल्यावर महादेव कुटीपर्यंत चालत जा. दोन मिनिटांचं अंतर आहे.