शंखांतील कृमींच्या अभ्यासक

मुंबईत १८९६ साली उद्भवलेला प्लेग पुढे ठाणे, कल्याणपर्यंत पोहोचला. तो पसरविणाऱ्या उंदरांवरील पिसवेचे शास्त्रीय वर्णन १९०३ मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांनी केले. त्यांच्या कन्या मिरियम (१९०८-२००५) यांचे औपचारिक शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. तरीही प्लायमाऊथच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी किनाऱ्यावरील शंखांमध्ये वाढणाऱ्या सूक्ष्म चपट्या कृमींचा ध्यास घेतला. या परजीवींनी ग्रासलेली गोगलगाय प्रजननक्षमता गमावते. मात्र आकाराने अवाजवी वाढू शकते, हे त्यांनी दाखविले. बॉम्बहल्ल्यात प्रयोगशाळेसह त्यांचे सात वर्षांचे संशोधन नष्ट झाले. मिरियम खचल्या नाहीत. वडिलांच्या पिसवांच्या संग्रहाची बृहद्सूची त्यांनी सिद्ध केली; १९५३ पासून तिचे खंड प्रसिद्ध झाले. १९८५ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व देऊन गौरविले.