फलाटावरचा दरबारी : उस्ताद अब्दुल करीम खाँ

२७ ऑक्टोबर १९३७. रमजान जवळ आला होता. मद्रासहून पाँडिचेरीकडे निघालेल्या गाडीत पासष्टीला टेकलेल्या एका गवयाची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमल कोईल या लहानशा स्टेशनावर शिष्यांनी त्यांना उतरवून फलाटावरच अंथरूण घातले. त्यांनी नमाज अदा केली, मग दरबारी कानडा रागात कलमा आळवला आणि त्यातच डोळे मिटले, असे त्यांचे शिष्य सांगत आले.

हे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. जन्म १८७२, उत्तर प्रदेशातील कैराना येथे. तरुणपणी ते बडोदा दरबारात गायले आणि पुढे मिरजेचे झाले. तिथे मोठ्या आजारात त्यांनी ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात जाऊन गाण्याची सेवा केली आणि ते बरे झाले, अशी आठवण मिरजेत सांगतात.

खाँसाहेबांचे नाव निघाले की जाणकार आधी 'सूर' म्हणतात. याचा अर्थ आपल्या भजनाच्या पेटीवरून सहज समजेल. पेटीच्या एका सप्तकात बाराच पट्ट्या : सात शुद्ध स्वर, त्यांत रे, ग, ध, नी हे चार कोमल आणि एक तीव्र मध्यम. पण जुन्या शास्त्राने सप्तकात २२ श्रुती मानल्या. दरबारीचा गंधार कोमल खरा, पण पेटीच्या कोमल गंधाराहूनही थोडा खाली आणि संथ डोलणारा. पट्टी दाबून तो निघत नाही, गळ्यातूनच यावा लागतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची मोजदाद करत होते, तेव्हा ती पडताळायला त्यांनी खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला.

ही विद्या त्यांनी घरात कोंडून ठेवली नाही. १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मुले तिथेच राहत, जेवत आणि शिकत. खर्च भागवायला खाँसाहेब तिकीट लावून जलसे करत. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व आणि बेहेरेबुवा हे त्यांचे शिष्य, तशाच रोशनआरा बेगमही. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुले. दक्षिणेत जाऊन त्यांनी कर्नाटक संगीत ऐकले, तिथली सरगम आपल्या ख्यालात आणली आणि त्यागराजांची रचनाही गायली. म्हैसूर दरबारात त्यांचा मान होता.

गाणे आणि इबादत वेगवेगळी ठेवावीत असे मानणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांचा मान राखूनही खाँसाहेबांची ती शेवटची रात्र विसरता येत नाही. नमाज चुकवली नाही आणि सूरही सोडला नाही. आयुष्यभर जो गंधार घासूनपुसून लख्ख ठेवला, तोच त्यांनी अखेर अल्लाहच्या नावाला वाहिला.

त्यांचे पार्थिव मिरजेला आणले, दफन दर्ग्याच्या आवारातच झाले. आजही उरुसात गवई तिथे हजेरी लावतात, त्यांत सर्व धर्मांचे असतात. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला, तोही याच परंपरेचा. किल्लारीहून मिरजेला कामानिमित्त जाणारे पुष्कळ आहेत. पुढच्या खेपेला वाट थोडी वाकडी करून या कबरीशी दोन घटका थांबावे.