किर्लोस्करांकडे कुठली डिग्री होती?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आचऱ्याला मामाच्या बागेत पाणी काढायचं डिझेल इंजिन बंद पडलं. घरात मेकॅनिकलचा इंजिनिअर (होऊ घातलेला का असेना) हजर असताना मिस्त्री कशाला बोलवायचा, असं मामी म्हणाली आणि मी फुशारून पाना हातात घेतला. डिझेल सायकलचा पी-व्ही डायग्राम मला झोपेतून उठवलं तरी काढता येतो. पण दीड तास हँडल मारून माझ्या हाताला फोड आले आणि इंजिन ढिम्म. माडांना पाणी नाही ते नाहीच.

शेवटी मालवणहून मिस्त्रीकाका आले. ते बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतात. मला वाटलं, आता हे हेड उघडणार. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. एवढंच विचारलं की, टाकी पूर्ण रिकामी झाली होती काय? झाली होती. डिझेल घालायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते विसरलो होतो. मग त्यांनी फिल्टरवरचा एक छोटा स्क्रू सैल केला. फसफसून बुडबुडे आले, ते थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत थांबले, स्क्रू आवळला. नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नटही तसाच सैल करून आवळला. डिकम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवलं, वेग आल्यावर खटका सोडला आणि इंजिन धडधडायला लागलं. लाइनमध्ये हवा अडकली होती. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पंप कितीही ढकलो, नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. हे मी परीक्षेत लिहू शकलो असतो, पण त्या दीड तासात एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

चहा पिताना काकांनी मला धुराची बाराखडी शिकवली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर क्लीनर बघ. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या असतील. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय, नाहीतर आत पाणी शिरतंय. आधी बघायचं, ऐकायचं, विचारायचं आणि सगळ्यात शेवटी उघडायचं. मी त्यांना विचारलं की हे तुम्ही कुठे शिकलात. त्यावर त्यांनी हसून मलाच उलट विचारलं, किर्लोस्करांकडे कुठली डिग्री होती रे झिला?

मला उत्तर येईना. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. एडिसन, हेन्री फोर्ड यांच्यावर दहा ओळी इंग्रजीत लिहिल्या असतील, पण किर्लोस्कर म्हणजे माझ्यासाठी पंपावरचं एक नाव. हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत गेलो आणि जे वाचलं ते इथे लिहितोय. माझ्या मराठीला सांभाळून घ्या.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत लक्ष नव्हतं. चित्रकला आणि यंत्रं, दोनच गोष्टी आवडत. थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून १८८५ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाता आलं. चित्रकार व्हायचं ठरलेलं. दोन वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंगांधळेपणा! हातात कौशल्य आहे, मेहनतीची तयारी आहे, आणि दोष अशा ठिकाणी की जिथे पाना पोहोचत नाही. आपण असतो तर पहिल्या गाडीने घरी आलो असतो. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, कारण तिथे रंग लागत नाहीत. (फर्स्ट इयरला ज्या विषयाने अर्ध्या हॉस्टेलला केटी लावली, तोच विषय.)

त्या ड्रॉइंगच्या जोरावर त्यांना व्हीजेटीआयमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था तेव्हा नवी होती, १८८७ ची, आणि माटुंग्याला नव्हे तर भायखळ्याला होती. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमधल्या यंत्रांशी त्यांनी ओळख करून घेतली. ते जे काही शिकले ते असंच, यंत्राजवळ उभं राहून. त्यामुळे मिस्त्रीकाकांच्या प्रश्नाचं उत्तर असं की, इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती.

याच काळात मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. सायकल तेव्हा इतकी नवलाईची की किंमत ७०० ते १००० रुपये. त्या काळचे हजार रुपये! त्यांनी ती चालवायला शिकून घेतली आणि १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामुअण्णा विकायचे आणि १५ रुपये घेऊन चालवायलाही शिकवायचे. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. १८९७ मध्ये लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. शहरात शिक्षकाची मानाची नोकरी होती आणि ती सोडून हा माणूस सायकली विकायला आणि दुरुस्त करायला गावाकडे गेला. आज कोणी कॅम्पसमधली ऑफर सोडून गॅरेज टाकतो म्हणाला तर घरचे काय म्हणतील, ते आपल्याला माहीत आहे.

दुकानातून छोटं वर्कशॉप झालं. तिथे कडबा कापायचं यंत्र तयार झालं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. इथे खरी अडचण सुरू झाली. नांगर चांगला होता, पण विकला जाईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आमचा प्रोजेक्ट दोन आठवडे चालला नाही तर आम्ही विषय बदलतो. बिघाड शोधायचा झाला तर इथे यंत्र उघडून काहीच सापडलं नसतं, कारण दोष यंत्रात नव्हताच, तो लोकांच्या मनातल्या भीतीत होता. त्यावर एकच उपाय, मातीत नांगर चालवून दाखवणं आणि वाट बघणं.

नांगराच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट सांगायचा मोह होतोय. बिडाचा फाळ मऊ असला तर लगेच झिजतो आणि कडक असला तर दगडावर तुटतो. यावर इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये तोड काढली होती. साच्यातला खालचा भाग धातूचा ठेवला की तिथे ओतलेलं लोखंड झटकन थंड होऊन खूप कडक होतं आणि वरची बाजू मऊ राहते. शेतात वरची बाजू जास्त झिजते, त्यामुळे धार आपोआप टिकते. फाउंड्रीच्या प्रॅक्टिकलला आम्ही ‘चिल्स’ हा शब्द जर्नलमध्ये उतरवला होता. तो कशाशी खातात, हे मला आत्ता कळलं.

धंदा रुळावर येतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागाच मागितली. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते. पैसा नाही, जागा नाही. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि संस्थानात कुठेही जागा पसंत करायला सांगितलं. लक्ष्मणरावांनी पसंत केली ती कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन. निवडुंग आणि नाग यांशिवाय तिथे काही नव्हतं, पण रेल्वे होती. १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन ते तिथे राहायला गेले आणि निवडुंग तोडून, घरं बांधून कारखाना उभा केला. तीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली. वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती, आणि रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. सगळ्यांनी वेड्यात काढलं असणार.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल बंद झाला. नांगराला मागणी वाढली आणि कच्चं लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले! मला या संपूर्ण चरित्रात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

पुढचं झपाट्याने सांगतो. १९२० मध्ये वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं, पुढे त्याचंच नाव ‘किर्लोस्कर’ झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये मेकॅनिकल शिकून १९२६ मध्ये पदवीधर झाला. म्हणजे डिग्री घरात आली ती पुढच्या पिढीत. त्याच सुमाराला कारखान्यात पंप बनू लागले. १९४१ मध्ये हरिहरला लेथचा कारखाना आणि १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. नांगरानंतर पंप आणि पंपानंतर तो चालवायला इंजिन, शेतकऱ्याला एकामागून एक काय लागेल त्याच क्रमाने सगळं आलं. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मालवणला गेलो आणि मिस्त्रीकाकांना हे सगळं सांगितलं. तोफांची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, ती त्यांनी दोनदा सांगायला लावली. नंतर त्यांनी शेडमधल्या एका जुन्या इंजिनाकडे बोट दाखवलं. निळा धूर टाकतंय म्हणून कोणीतरी आणून ठेवलं होतं. मी रिंगा म्हणालो. त्यांनी मान डोलावली नाही की नाकारलं नाही, फक्त जुने कपडे घालून सकाळी सातला यायला सांगितलं. हेड उतरवायला मला साडेतीन तास लागले आणि एक स्टड मी तोडला. रिंगा ठीक होत्या. व्हॉल्व्हचे गाइड झिजले होते, ऑइल तिथून उतरत होतं. बाराखडीत ही शक्यता त्यांनी मला मुद्दामच सांगितली नव्हती, असा माझा संशय आहे. तुटलेला स्टड काढायला उरलेली दुपार गेली.