न गुदमरता जीव घेणारा वायू

थंडीच्या दिवसांत ‘गॅस गिझरमुळे न्हाणीघरात गुदमरून मृत्यू’ अशी बातमी अधूनमधून वाचनात येते. त्यातला ‘गुदमरून’ हा शब्द फसवा आहे. गुदमरणारा माणूस धडपडतो, दार उघडतो, हाक मारतो. इथे बहुतेक वेळा यातलं काहीच घडत नाही. असं का होतं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका स्कॉटिश डॉक्टरने स्वतःवर प्रयोग करून शोधलं. त्याचं नाव जॉन स्कॉट हॉल्डेन.

हॉल्डेन यांचा जन्म १८६० साली एडिंबरात, सधन घरात झाला. वैद्यकीची पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. त्यांना ओढ होती ती हवेची, म्हणजे माणसं प्रत्यक्ष ज्या हवेत राहतात त्या हवेची. डंडी शहरातल्या गरीब वस्तीत घरोघरी फिरून त्यांनी तिथल्या हवेचे नमुने तपासले. पुढे ऑक्सफर्डमध्ये स्थिरावले, तरी त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे कोळशाच्या खाणीच.

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. ५७ माणसं गेली. हॉल्डेन तिथे पोहोचले आणि त्यांनी मृतदेह तपासले. बहुतेकांना स्फोटाचा मार फारसा लागलेलाच नव्हता. चेहरे काळेनिळे पडण्याऐवजी गुलाबी होते, रक्त लालभडक. ही खूण कार्बन मोनॉक्साइडची. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. रक्त लाल दिसतं, आणि मेंदू उपाशी असतो.

त्याआधीच हॉल्डेन यांनी प्रयोगशाळेत बसून हा वायू मोजूनमापून स्वतः हुंगला होता. मधूनमधून बोटातून रक्ताचा थेंब काढून किती हिमोग्लोबिन अडकलं, हे ते रंगावरून ठरवत. प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं तेव्हा दिसणं अंधूक झालं, पायांतलं बळ गेलं, नीट चालता येईना. बसल्या जागी मात्र फारसं काही वाटत नव्हतं. आपल्या न्हाणीघराशी या प्रयोगाचा संबंध इथे येतो. आंघोळ करणाऱ्याला जरा डोकं जड वाटतं, ते तो वाफेवर ढकलतो. दाराकडे जायला उठतो तेव्हा पाय साथ देत नाहीत. कडी हाताच्या अंतरावर असते आणि ती काढता येत नाही.

१९०५ साली हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी याचं दुसरं अंग उलगडलं. श्वासाची घालमेल मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. कार्बन मोनॉक्साइड ही घंटा वाजवतच नाही. त्याला वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो; तो जळून गेल्यावर तयार होणाऱ्या या वायूला नसतो. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा हिशेब इथे चालत नाही.

एक घनफूट एलपीजी नीट जळायला साधारण २५ ते ३० घनफूट हवा लागते. बंद दाराच्या, काच लावलेल्या छोट्या न्हाणीघरात ती लवकर खराब होते. निळी ज्योत पिवळी पडू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जुन्या वाड्यांतही तांबट आळीतला बंब लाकूड-कोळशावरच पेटायचा आणि हाच वायू सोडायचा. पण तो बहुधा मागच्या अंगणात किंवा फटी-झरोक्यांच्या मोकळ्या न्हाणीत असे. फ्लॅटने त्या फटी बुजवल्या.

त्यामुळे विजेचा गिझर बदलून गॅसचा घेताना जुन्याच जागी, त्याच खिळ्यांवर तो टांगणं ही सर्वांत धोक्याची सोय. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर बाल्कनीत किंवा ड्राय बाल्कनीत हवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ. धूर नेणारी नळी असेल तर ती थेट मोकळ्या हवेत उघडली पाहिजे. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर जाताना बर्नरचे नोझल बदलावे लागतात. तेच गिझर नुसतं जोडून चालत नाही. हे काम अधिकृत तंत्रज्ञाचंच. पिवळी ज्योत, गिझरवर काजळी किंवा आंघोळीनंतर घरात अनेकांचं डोकं दुखणं दिसलं, तर गिझर त्याच दिवशी बंद करावं.

कोणी आत कोसळलं तर दार उघडून आधी मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा आणि रुग्णालय गाठायचं, माणूस शुद्धीवर आला तरी. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे तास-दीड तास. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नये. तोही रक्ताच्या रंगावरूनच वाचतो आणि या वायूने व्यापलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं. आकडा ९८ दिसू शकतो.

खाणकामगारांसाठी हॉल्डेन यांनी सुचवलेला उपाय साधा होता: सोबत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यायचा. इवल्या जिवाचा श्वास जलद, म्हणून तो आधी कोलमडतो आणि माणसाला निघायला वेळ मिळतो. ब्रिटनच्या खाणींतून शेवटचे कॅनरी १९८६ साली निवृत्त झाले. त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली. घरात लावायचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हा त्याचाच धाकटा भाऊ. तो आपल्याकडे अजून फारसा दिसत नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा छडा लावायला हॉल्डेन आघाडीवर गेले. पाणबुड्यांना वर कसं आणावं, याची कोष्टकं त्यांनीच केली. पंचाहत्तरी उलटल्यावरही इराण-इराकमध्ये तेल कामगारांच्या उष्माघाताची पाहणी करायला ते निघाले. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचं निधन झालं. लहानपणी त्यांच्यासोबत खाणीत उतरणारा त्यांचा मुलगा, जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, १९५७ साली भारतात आला, इथला नागरिक झाला आणि भुवनेश्वरमध्ये वारला.