यंत्रे घडविणारा कारागीर

लंडनच्या पूर्वेस टेम्स नदीच्या काठी वुलविच नावाची वस्ती आहे. तेथे पूर्वी इंग्रज सरकारचे मोठे शस्त्रागार होते. त्या शस्त्रागारात नोकरी करणाऱ्या एका माजी सैनिकाच्या घरी २२ ऑगस्ट १७७१ रोजी हेन्री मॉडस्ले ह्याचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षीच तो काडतुसांत दारू भरण्याच्या कामाला लागला. पुढे त्याला सुतारखात्यात घातले. पण त्याचे मन रंध्यात रमेना. शेजारच्या लोहारशाळेतील ऐरणीचा आवाज त्याला सारखा बोलावीत असे. पंधराव्या वर्षी त्याला तेथे जाता आले आणि थोड्याच वर्षांत त्याच्या हाताचा लौकिक लंडनपर्यंत पोहोचला.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या कल्पक गृहस्थाने चोराला दाद न देणारे एक कुलूप शोधून काढले होते. त्याचे भाग फार नाजूक व नेमके असावे लागत. १७८९ मध्ये ब्रामाने अठरा वर्षांच्या मॉडस्लेला कामावर घेतले. मॉडस्लेने घडविलेले एक कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवण्यात आले. किल्लीवाचून ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. साठ वर्षे ते कोणालाही उघडले नाही. १८५१ मध्ये एका अमेरिकन कारागिराने ते उघडले, पण त्यासाठी त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपावे लागले!

एवढ्या गुणी माणसाला ब्रामा आठवड्याला ३० शिलिंग देई. संसार वाढला, तेव्हा १७९७ मध्ये मॉडस्लेने पगारवाढ मागितली. ब्रामाने ती साफ नाकारली. ह्यात कंजूषपणा होताच, पण अदूरदर्शीपणा त्याहून अधिक होता. मॉडस्ले बाहेर पडला आणि त्याने स्वतःचे लहानसे दुकान थाटले.

त्या काळी धातू कशी कातीत असत, हे येथे समजून घेतले पाहिजे. लेथ म्हणजे कातयंत्र. त्यात दांडा दोन टोकदार केंद्रांमध्ये धरून फिरवितात व त्यावर धारदार हत्यार टेकवितात. कारागीर हे हत्यार हातात धरीत असे. हात जरा कापला, की दांडा कोठे जाड, कोठे बारीक होई. मॉडस्लेने ते हत्यार माणसाच्या हातून काढून लोखंडी पकडीत घट्ट बसविले आणि ती पकड सरळ पट्ट्यांवरून सरकेल अशी योजना केली. अशी कल्पना त्यापूर्वीही काहींना सुचली होती. परंतु भक्कम लोखंडी कातयंत्रात पकड, मळसूत्र व दातेरी चाके ह्यांची सांगड घालून तिला खरे सामर्थ्य त्याने दिले. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास हत्यार ठरावीक अंतरच पुढे जाई, त्यामुळे स्क्रूचे आटे एकसारखे पडू लागले. त्यापूर्वी एका स्क्रूची चाकी दुसऱ्याला क्वचितच बसे.

हत्याराची वाट सरळ झाली, म्हणजे निमुळता दांडा करणेही सोपे होते. दोन्ही केंद्रे त्या वाटेशी समांतर रेषेत असली, तर दांडा सर्वत्र सारख्या जाडीचा होतो. मागचे केंद्र ज्या भागात बसविलेले असते, त्याला टेलस्टॉक म्हणतात. तो हत्याराच्या बाजूस किंचित सरकविला, की दांडा त्या टोकाकडे निमुळता होत जातो. समजा, २०० मिलिमीटर लांब दांड्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा ४ मिलिमीटरने बारीक हवे आहे; तर टेलस्टॉक २ मिलिमीटरच सरकवावा, कारण फिरणारा दांडा सर्व बाजूंनी सारखा कापला जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टर्नरचे काम शिकणाऱ्यांना हा हिशेब आजही शिकवितात.

पुढे मार्क ब्रुनेल ह्या फ्रेंच अभियंत्यासाठी मॉडस्लेने जहाजांच्या लाकडी कप्प्या बनविणारी यंत्रे तयार केली. शिडाच्या मोठ्या युद्धनौकेला अशा सुमारे हजार कप्प्या लागत. पोर्टस्मथच्या गोदीत ही यंत्रे चालू झाल्यावर ११० कुशल कारागिरांचे काम दहा साधे मजूर करू लागले. त्या शंभर कारागिरांच्या पोटाचे काय, हा प्रश्नही वाचकांच्या मनात येईल. तो त्या काळी इंग्लंडभर विचारला जात होता.

मापाच्या बाबतीत मॉडस्ले कोणाचीही गय करीत नसे. इंचाचा दहा हजारावा भाग दाखविणारे एक मापनयंत्र त्याने बनविले होते. इंग्लंडच्या श्रेष्ठ न्यायाधिकाऱ्यावरून त्याला लॉर्ड चॅन्सेलर असे नाव पडले, कारण मापाविषयीच्या तंट्यात त्याचा निवाडा अखेरचा मानला जाई. जोसेफ व्हिटवर्थ, जेम्स नॅस्मिथ ह्यांसारखे नामांकित यंत्रकार त्याच्याच कारखान्यात तयार झाले.

फ्रान्समधील एका आजारी मित्रास भेटून परतताना त्याला थंडी बाधली. १४ फेब्रुवारी १८३१ रोजी त्याचे निधन झाले. वुलविचच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. त्याच्या थडग्यावरील स्मारक दगडी नसून ओतीव लोखंडाचे होते, आणि त्याचा आराखडा त्याने स्वतःच काढून ठेवला होता.